मुंबईतील कैदी, त्यांचे आप्त आणि कायदेविषयक साहाय्य (१९७८-१९९०) : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना

हिंदमातापासून परळ, लालबाग, चिंचपोकळी असा गिरणगावाचा पट्टा ओलांडला की साने गुरुजी मार्गावर मुंबई मध्यवर्ती कारागृह लागते. १९२६ मध्ये सुरू झालेले हे कारागृह लोकांच्या तोंडी आजही ‘आर्थर रोड जेल’च आहे. गिरणगावाच्या इतिहासलेखनात १९८२ च्या संपाला यथोचित स्थान मिळाले. मात्र त्याच वर्षी मुंबईतील कैदी स्त्रियांच्या मुलाखतींतून सुरू झालेल्या न्यायालयीन प्रक्रियेची चर्चा प्रामुख्याने विधी अभ्यासकांपुरती राहिली. प्रस्तुत निबंधात या प्रक्रियेचा मागोवा घेतला आहे.

हक्काची मांडणी

१९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने मोफत कायदेविषयक साहाय्याचे कलम ३९अ राज्यघटनेत समाविष्ट झाले. त्याचा कस १९७८ च्या होसकोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य या प्रकरणात लागला. मुंबई उच्च न्यायालयाच्या १९७३ च्या निकालाविरुद्ध अर्जदार सुमारे चार वर्षांच्या विलंबाने सर्वोच्च न्यायालयात आला. निकालाची प्रत कारागृहाकडे गेली होती. ती कैद्याच्या हाती पडल्याचा पुरावा नव्हता. दरम्यान त्याची शिक्षाही भोगून झाली होती. अर्ज फेटाळला गेला. तथापि कैद्यास निकालाची प्रत विनामूल्य व वेळेत मिळावी आणि असमर्थ कैद्यास वकील पुरवावा, हे तत्त्व न्या. कृष्ण अय्यर यांनी प्रस्थापित केले.

शीला बारसे प्रकरण

मे १९८२ मध्ये पत्रकार शीला बारसे यांनी मुंबई मध्यवर्ती कारागृहातील पंधरा स्त्रियांच्या मुलाखती घेतल्या. त्यांपैकी पाच जणींनी पोलीस कोठडीत मारहाण झाल्याचे सांगितले. बारसे यांच्या पत्रालाच सर्वोच्च न्यायालयाने याचिका मानले आणि चौकशीचे काम निर्मला निकेतन समाजकार्य महाविद्यालयाच्या संचालिकांकडे सोपविले. शासकीय यंत्रणेऐवजी एका महाविद्यालयावर टाकलेला हा विश्वास अध्यापकवर्गाने विशेष लक्षात घ्यावा असा आहे. कायदेविषयक साहाय्याची व्यवस्था अपुरी असल्याचे तर दिसलेच. शिवाय दोन परदेशी स्त्रियांची एका वकिलाने फीच्या नावाखाली फसवणूक केल्याची तक्रारही पुढे आली.

१५ फेब्रुवारी १९८३ च्या निकालात न्यायालयाने स्त्रियांसाठी स्वतंत्र कोठड्या, चौकशीवेळी महिला पोलिसांची उपस्थिती, अटकेची वर्दी कायदेविषयक साहाय्य समितीला देणे आणि आरोपीच्या आप्ताला किंवा मित्राला तत्काळ कळविणे असे आदेश दिले. यांतील शेवटचा आदेश वरवर साधा वाटतो. परंतु वकील गाठणे, जामीनदार उभा करणे, मुलांची सोय लावणे ही सर्व कामे घरच्यांनाच करावी लागतात. त्यांना वार्ताच नसेल तर हक्क कागदावर राहतो. हे कर्तव्य फौजदारी प्रक्रिया संहितेत २००५ च्या दुरुस्तीने कलम ५०अ म्हणून आले. १ जुलै २०२४ पासून ते भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४८ मध्ये आहे. न्यायालयीन आदेशापासून संहितेपर्यंतच्या प्रवासास बावीस वर्षे लागली.

मर्यादा आणि पुढील वाटचाल

१९८७ मध्ये बारसे यांच्याच दुसऱ्या प्रकरणात न्यायालयाने कैद्यांच्या मुलाखतींचे महत्त्व मान्य केले. परंतु त्या कारागृहाच्या नियमांच्या चौकटीतच व्हाव्यात, असेही म्हटले. म्हणजेच एकट्यादुकट्या पत्रकाराच्या भेटीवर ही व्यवस्था विसंबू शकत नव्हती. नियमित प्रवेश असलेल्या संस्थांची गरज होती. १९९० मध्ये टाटा समाजविज्ञान संस्थेने सुरू केलेला ‘प्रयास’ हा क्षेत्रकार्य प्रकल्प या दृष्टीने महत्त्वाचा ठरतो. कच्च्या कैद्यांना कायदेविषयक मार्गदर्शन, त्यांच्या कुटुंबीयांशी संपर्क आणि सुटकेनंतरचे पुनर्वसन ही कामे त्यात एकत्र आली.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून असे दिसते की, हक्क न्यायालयाने घोषित केला, तरी तो कैद्यापर्यंत पोहोचण्यासाठी तुरुंगात जाऊन ऐकणारी आणि घरी जाऊन सांगणारी माणसे लागली. त्यांत पत्रकार होते, तसेच समाजकार्याचे अध्यापक व विद्यार्थीही होते. अशा क्षेत्रकार्याच्या नोंदी महाविद्यालयांनी, व्यक्तींची गोपनीयता राखून, जतन केल्यास गिरणगावाच्या सामाजिक इतिहासाला कारागृहाच्या भिंतीआडची बाजूही जोडता येईल.