शेवटचे कडवे कापू नका

14 एप्रिलची मिरवणूक पैठण गेटकडून गुलमंडीत शिरते, तेव्हा रस्ता माणसांना पुरत नाही. गाणे लागते आणि हजारो हात वर होतात. त्या गर्दीत कुणालाही विचारा, हे गाणे कुणाचे? गायकाचे नाव लगेच येईल, यूट्यूब चॅनेलचे येईल, मिक्स करणाऱ्या डीजेचे तर गाण्यातच ओरडून सांगितलेले असते. ज्यांनी ते शब्द लिहिले आणि गावोगाव फिरून स्वतःच्या गळ्याने रुजवले, त्या वामनदादा कर्डकांचे नाव मात्र फार थोड्यांच्या तोंडी येते.

हा विसर आपोआप पडलेला नाही. तो कसा पाडला गेला, हे समजून घ्यावे लागेल. कारण 15 मे जवळ आला की वस्त्यावस्त्यांतली पोरे दादांच्या स्मृतिदिनासाठी तासाभराची गाणी मोबाईलवर जोडायला बसतात. ही चांगलीच गोष्ट आहे. पण ती जोडणी कशी करायची, हा प्रश्न तांत्रिक नाही, तो इतिहासाचा आहे.

वामनदादांचा जन्म 15 ऑगस्ट 1922 चा, सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचा. शाळा नशिबी नव्हती. मुंबईत मिळेल ते काम केले आणि तिथेच तरुणपणी अक्षरे शिकले. दुकानांच्या पाट्या वाचत वाचत त्यांनी वाचनाचा सराव केला. 1943 पासून ते गाणी लिहू लागले. पुढची सहा दशके, 15 मे 2004 रोजी निधन होईपर्यंत, हा माणूस गात राहिला. त्यांच्या गाण्यांचा आकडा दहा हजारांच्या घरात सांगितला जातो. ‘वाटचाल’, ‘मोहळ’, ‘हे गीत वामनाचे’ हे त्यांचे संग्रह. ‘सांगत्ये ऐका’ (1959) सारख्या गाजलेल्या चित्रपटातही त्यांचे गाणे आहे. तरीही मराठी भावगीतांच्या आणि सुगम संगीताच्या इतिहासात त्यांना किती पाने मिळतात? ‘लोककवी’ म्हणून एका वाक्यात नमस्कार करून लेखक पुढे जातो.

‘लोककवी’ ही पदवी आपण प्रेमाने देतो. पण तिचा दुसरा वापरही ओळखायला हवा. लोकांचे म्हणजे कुणाचेच नाही, असा त्याचा अर्थ प्रस्थापितांनी लावून ठेवला आहे. आपल्या गाण्यांच्या पुढे ‘पारंपरिक’ असा शिक्का मारला की कवी संपला. कवीच नाही म्हटल्यावर त्याचा विचार तरी कुठे उरला?

वामनदादांना हा धोका ठाऊक असावा, असे त्यांची गाणी ऐकताना वाटते. म्हणूनच शेवटच्या कडव्यात ते ‘वामन’ हे नाव गुंफतात. ही नाममुद्रा आपल्याकडे जुनी आहे. ‘तुका म्हणे’ सगळ्यांना माहीत आहे. पण आपल्यासाठी तिचे मोल चोखोबांपासून कळते. चोखोबांचे अभंग अनंतभट्टांनी लिहून ठेवले असे परंपरा सांगते. लेखणी दुसऱ्याच्या हातात, देवळाचे दार बंद, आणि तरीही सहा-सातशे वर्षांनंतर ते अभंग चोखोबांचेच राहिले, कारण नाव अभंगाच्या आतच होते. सोयराबाईंनी तर आपली ओळख ‘चोख्याची महारी’ अशी, जातीसकट, ओळीत कोरून ठेवली. बाबासाहेबांनी ‘द अनटचेबल्स’ (1948) हा ग्रंथ नंदनार, रविदास आणि चोखामेळा यांच्या स्मृतीला अर्पण केला, तो हीच नावे इतिहासाला पुसता आली नाहीत म्हणून.

ज्याच्याकडे छापखाना नाही, वकील नाही, करारपत्र नाही, त्याच्यासाठी शेवटचे कडवे हाच दस्तऐवज आणि हीच सही असते.

आता कॅसेटच्या काळाकडे या. 1980 च्या दशकात स्वस्त कॅसेट आली आणि भीमगीते जलशाच्या, गायन पार्टीच्या मंचावरून चहाच्या टपरीपर्यंत पोहोचली. 14 जानेवारीला विद्यापीठाच्या गेटसमोर पुस्तकांशेजारी गाण्यांचे स्टॉल लागू लागले. हा मोठा लोकशाही बदल होता, तो नाकारायचे कारण नाही. पण कव्हरवर फोटो कुणाचा छापला गेला? गायकाचा. कवीचे नाव आत, बारीक अक्षरात, आणि पुष्कळदा तेही नाही. कायदाही इथे अपुरा आहे. 1957 च्या कॉपीराइट कायद्यातील कलम 52-अ ध्वनिमुद्रणावर निर्मात्याचे आणि हक्कधारकाचे नाव-पत्ता आणि प्रकाशनाचे वर्ष छापायला सांगते. गीतकाराचे नाव छापा, असे ते कलम सांगत नाही. कलम 57 लेखकाला कर्तृत्व सांगण्याचा हक्क देते, पण हक्क सांगायला कोर्टाची पायरी चढावी लागते. खेड्यापाड्यांतून गात फिरणारा कवी ती पायरी कधी चढणार?

एवढे होऊनही कॅसेटमध्ये गाणे पूर्ण असायचे. कव्हरवर नसलेला वामन शेवटच्या कडव्यात भेटायचा. डीजे मिक्सने तेही दार बंद केले. त्याला ध्रुवपद हवे, एखादे कडवे हवे, आणि ठेका तुटायच्या आत पुढचे गाणे हवे. कात्री नेमकी शेवटच्या कडव्यावर चालते. सही असलेला भाग फाडून बाकीचा कागद आपण मिरवतो आहोत.

यावर काही कार्यकर्ते म्हणतात, दादांनी नावासाठी लिहिलेच नाही, गाणे समाजाचे आहे. दादांनी पैशासाठी लिहिले नाही, हे खरे. पण नावासाठी लिहिले नाही म्हणावे, तर गाण्यागाण्यात नाव का गुंफले? आणि ज्या समाजाने एका विद्यापीठाच्या नावासाठी 27 जुलै 1978 च्या ठरावापासून 14 जानेवारी 1994 पर्यंत लढा दिला, घरे जळताना पाहिली, माणसे गमावली, त्या समाजाला ‘नावात काय आहे’ हे कुणी शिकवू नये. त्या लढ्याचे बळ ज्या गाण्यांनी वाढवले, त्यांत दादांचीही गाणी होती.

दुसरा आक्षेप असा की डीजेमुळेच तरुण पोरे ही गाणी ऐकतात. मान्य. म्हणून डीजे बंद करा असे मी म्हणत नाही. मिक्स करा, पण तो अभिवादन ठरेल असा करा.

त्यासाठी चार गोष्टी पुरेशा आहेत. पहिली, प्रत्येक गाण्याचे शेवटचे कडवे ठेवा. वेळ कमी असेल तर मधले कडवे गाळा, नावाचे नको. दुसरी, नुसती जयजयकाराची गाणी निवडू नका. देशाच्या संपत्तीत आमचा वाटा कुठे, असे भांडवलदारांची नावे घेऊन विचारणारे दादा त्यात हवेत. बाबासाहेबांच्या मताचे खरे अनुयायी किती, असा प्रश्न आपल्यालाच टाकणारे दादाही हवेत. ही गाणी नाचताना अडचणीची वाटतात, आणि मिक्समधून बहुधा तीच गळतात. तिसरी, एकाच गायकाच्या आवाजात सगळे भरू नका. दादांच्या स्वतःच्या आवाजातले जे ध्वनिमुद्रण मिळेल ते आधी ठेवा, आवाज खरखरीत असला तरी. चौथी, फाईलच्या नावात आणि पोस्टरवर ‘गीतकार : वामनदादा कर्डक’ हे गायकाच्या नावाइतक्याच मोठ्या अक्षरात लिहा. ज्या गाण्याची खात्री नाही, ते संग्रहात ताडून पाहा. दुसऱ्या कवीचे गाणे दादांच्या नावावर घालणे हाही त्या कवीवर अन्यायच.

समाजशास्त्रात शिकताना आम्हाला सांस्कृतिक भांडवल ही संकल्पना शिकवली होती. ज्याच्याकडे ते असते त्याचे नाव टिकते, इतरांची कामे टिकली तरी नावे जातात. ही व्यवस्था आपण बनवलेली नाही. पण मोबाईलवर गाणे कापणारे बोट आपले आहे. निरक्षर राहिलेल्या एका पोराने पाट्या वाचत अक्षर मिळवले आणि त्या अक्षरांनी स्वतःचे नाव गाण्यात लिहिले. ते पुसायला आता मनूची गरज उरलेली नाही, एक घाईतला एडिटर पुरतो.

या 15 मे रोजी तुमच्या वस्तीत दादांचे गाणे वाजेल, तेव्हा ते शेवटपर्यंत वाजू द्या.

जय भीम!