परिविक्षाधीन कर्मचारी व अंतर्गत भरती (जळगाव-धुळे)

नियुक्तीनंतर चाचणीच्या काळात असलेल्या शासकीय वा जिल्हा परिषद कर्मचाऱ्याची खात्यांतर्गत पदभरतीतील पात्रता. महाराष्ट्र जिल्हा परिषद व पंचायत समिती अधिनियम, 1961 नुसार 1962 मध्ये जळगाव व धुळे जिल्हा परिषदा स्थापन झाल्या. त्यांतील सेवाभरती 1967 च्या जिल्हा सेवा (सेवाप्रवेश) नियमांनी चालते (पहा: जिल्हा परिषद). खात्यांतर्गत भरतीसाठीच्या मर्यादित विभागीय परीक्षेची अट बहुधा ‘नियमित सेवे’ची असते आणि खरा पेच इथेच पडतो. 2000 पासूनच्या योजनेत शिक्षणसेवक, म्हणजे नवनियुक्त शिक्षक, तीन वर्षे मानधनावर राबतो. ही वर्षे धरायची की वगळायची, हे त्या-त्या पदाचे सेवाप्रवेश नियम व जाहिरात ठरवतात (पहा: शिक्षणसेवक). म्हणून सेवापुस्तकातील परिविक्षा समाधानकारकरीत्या पूर्ण झाल्याची नोंद कळीची. ती रखडली, तर साक्री, शिरपूर, चोपडा वा यावलच्या दुर्गम शाळेतील उमेदवाराची संधी नाहक हुकू शकते. परिविक्षाधीनास पदावर हक्क नसतो, हे सर्वोच्च न्यायालयाने पुरुषोत्तमलाल धिंग्रा खटल्यात स्पष्ट केले. धारणाधिकार कायम कर्मचाऱ्याचा असल्याने, निवड होऊन नव्या पदावर गेलेल्या परिविक्षाधीनास मूळ पदावर परतण्याची हमी नसते (पहा: धारणाधिकार, संविधान, अनुच्छेद 16).