विंगर : तळटीप

फुटबॉलमध्ये विंगर म्हणजे मैदानाच्या कडेने चेंडू घेऊन मुसंडी मारणारा खेळाडू. धाराशिव जिल्ह्यातल्या तुळजापूर भागात असा खेळाडू घडला नाही याचे कारण मूळ लेखकाने अंगच्या चपळाईत शोधले आहे. ते पटत नाही. धाराशिवच्याच सारिका काळे यांनी भारतीय महिला खो-खो संघाचे नेतृत्व केले, 2016च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकले आणि 2020चा अर्जुन पुरस्कार मिळवला. खांबाला वळसा घालून पाठलाग करणाऱ्याला ऐनवेळी हुलकावणी देणारे पाय बचावपटूलाही चकवतील. त्या पायांना इथे खो-खोची वाट मिळाली, फुटबॉलची नव्हे. कोल्हापुरात मात्र तालमींचे फुटबॉल संघ शाहू स्टेडियमवर वर्षानुवर्षे झुंजत आले आहेत. तिथला अनिकेत जाधव 2017च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात खेळला आणि पुढे जमशेदपूर, हैदराबाद अशा व्यावसायिक संघांत गेला.

यावर कोणी फ्रान्सच्या फ्रँक रिबेरी या विंगरचा दाखला देईल. लीलच्या अकादमीने काढून टाकले, तरी तो 2006च्या विश्वचषकाची अंतिम लढत खेळला, 2007मध्ये बायर्न म्युनिककडे गेला. मग जिद्द पुरेशी नाही का? जिद्द होतीच. आलेसचा क्लब आर्थिक अडचणीत आल्यावर तो काही काळ वडिलांबरोबर बांधकामावर राबला. परंतु बुलोन, आलेस, ब्रेस्त हे खालच्या श्रेणीतले क्लब होते, म्हणून नाकारलेल्या मुलाला पुन्हा खेळता आले. धाराशिव जिल्ह्यात एकही व्यावसायिक फुटबॉल संघ नाही, हे लेखकाने विचारात घ्यायला हवे होते.