संरक्षित संभोग

लैंगिक संबंधांतून पसरणाऱ्या संसर्गांचा धोका कमी करणारी खबरदारी. जोडीदाराशी संबंध तात्पुरता असेल तेव्हा ती विशेष महत्त्वाची, कारण नीटनेटकेपणावरून कोणाचाही संसर्ग ओळखता येत नाही. क्लॅमिडियाची अनेकदा लक्षणेच दिसत नाहीत. उपदंशाचा, म्हणजे गरमीचा, पहिला व्रण सहसा दुखत नाही आणि उपचारांविना भरूनही येतो. आजार मात्र शरीरात राहतो.

कंडोम एचआयव्ही आणि परमा यांपासून चांगले संरक्षण देतो. हर्पिस व एचपीव्ही त्वचेच्या स्पर्शानेही पसरत असल्याने तेथे तो अपुरा पडतो. एचपीव्ही आणि हिपॅटायटिस-बीवर लस आहे. घरात हाताशी असलेले खोबरेल तेल वंगण म्हणून वापरणे ही नेहमीची चूक. तेलाने कंडोमचे लॅटेक्स कमकुवत होऊन फाटते. पाण्यावर आधारित वंगण चालते. पाकिटात महिनोन्महिने दबलेल्या कंडोमचाही भरवसा नाही. संततिप्रतिबंधक गोळ्यांचा संसर्गाविरुद्ध काहीच उपयोग नसतो.

कंडोम फाटल्यास डॉक्टरांच्या सल्ल्याने ‘पेप’ ही एचआयव्हीरोधक औषधे ७२ तासांच्या आत, जितक्या लवकर तितके बरे, सुरू करून २८ दिवस घेतात. दुसऱ्याच दिवशी धावत जाऊन केलेली चाचणी त्या प्रसंगाविषयी काही सांगत नाही. प्रतिपिंड चाचणीत संसर्ग दिसायला ३ महिन्यांपर्यंत लागू शकतात. भारतात सरकारी समुपदेशन व चाचणी केंद्रांत एचआयव्ही चाचणी विनामूल्य होते आणि २०१७ च्या कायद्यानुसार सामान्यतः संमतीशिवाय ती करता येत नाही.