पाथरीचे ग्रहगणित आणि शनीची साडेसाती

पत्रिका पाहता पाहता ज्योतिष्याच्या मुखातून 'साडेसाती' हा शब्द बाहेर पडला की सुशिक्षित कुटुंबातील वडीलधाऱ्यांचाही चेहरा उतरतो. ठरत आलेला विवाह लांबणीवर पडतो, नवा व्यवसाय काढावयाचा बेत मागे राहतो, आणि शनिवारी मारुतीच्या देवळात तेलाची धार अंमळ अधिक वाहते. शनीचे फल खरे की खोटे, ह्या वादास आपल्याकडे तोटा नाही. परंतु ज्या शब्दाने आपण इतके दचकतो, त्याच्या मुळाशी कोणते गणित आहे आणि ते गणित करणारे लोक कोण होते, ह्याची विचारपूस फारशी होत नाही. ती येथे थोडक्यात करावी, असा आमचा हेतू आहे.

ह्या विचारासाठी परभणी जिल्ह्यातील पाथरीइतके उचित स्थळ दुसरे क्वचितच सापडेल. संस्कृत ग्रंथांतून पार्थपूर ह्या नावाने येणारे गोदातीराजवळचे गाव ते हेच. येथे ज्ञानराज नावाच्या पंडिताने इ. स. 1503 च्या सुमारास 'सिद्धान्तसुन्दर' हा ज्योतिषग्रंथ रचिला. भास्कराचार्यांनंतर साडेतीन शतकांनी पृथ्वी, ग्रह आणि त्यांच्या गती ह्यांचा साद्यंत विचार करणारा हा ग्रंथ. पुराणांतील विश्ववर्णन आणि सिद्धान्तांचे गणित ह्यांचा मेळ घालण्याची खटपटही त्यात आहे. ज्ञानराजाचा एक पुत्र चिंतामणी ह्याने ह्या ग्रंथावर टीका लिहिली. दुसरा पुत्र सूर्यदास ह्याने 1538 साली भास्कराच्या बीजगणितावर आणि 1541 साली लीलावतीवर टीका पूर्ण केली. हा काळ शांततेचा नव्हता. वऱ्हाडची इमादशाही आणि अहमदनगरची निजामशाही ह्यांच्यात पाथरीसाठी लढाया चालू होत्या. 1518 आणि 1527 साली गाव निजामशाहीने जिंकून घेतले. राज्ये बदलत असता ह्या घरातील ग्रहगणित मात्र खंडले नाही. गोदेच्याच उत्तर तीरावरील गोलग्रामच्या दिवाकर दैवज्ञाचे कुल ह्याच परंपरेतले. त्या कुलातील मल्लारी आणि विश्वनाथ ह्यांनी गणेश दैवज्ञाच्या 'ग्रहलाघवा'वर टीका केल्या, आणि पुढे कमलाकराने 1658 साली काशीस 'सिद्धान्ततत्त्वविवेक' लिहिला.

ह्या मंडळींना शनी कसा दिसे? सर्व ग्रहांत दूरचा आणि म्हणून सर्वांत मंद. हळूहळू चालणारा तो शनैश्चर. सूर्यसिद्धान्ताप्रमाणे 43,20,000 वर्षांच्या महायुगात शनी 1,46,568 फेऱ्या करतो, म्हणजे एका फेरीस सुमारे 10,766 दिवस लागतात. आजच्या वेधांनी हा काळ सुमारे 10,759 दिवस ठरतो. साडेएकोणतीस वर्षांच्या प्रदक्षिणेत अवघ्या सहा-सात दिवसांचे अंतर, आणि तेही दुर्बिणीवाचून! आता ह्या साडेएकोणतीस वर्षांस बारा राशींनी भागावे. एका राशीस सुमारे अडीच वर्षे येतात. जन्मराशीच्या मागची रास, जन्मरास आणि पुढची रास अशा तीन राशी शनी ओलांडू लागला की साडेसात वर्षे होतात. साडेसातीचे सारे गूढ एवढ्या भागाकार-गुणाकारात आहे.

मग ह्या आकड्यास भीती कोठून चिकटली? वेदांगज्योतिष सूर्य-चंद्रांपुरते आहे. शनीच्या गतीचे गणित त्यात नाही. याज्ञवल्क्यस्मृतीच्या ग्रहशांतीत शनीची प्रतिमा लोखंडाची करावयास सांगितली आहे, म्हणजे तोपर्यंत त्याची पूजा रूढ झाली होती. राशिकुंडलीचे जातकशास्त्र यवनांच्या सहवासाने वाढले, ह्याची खूण वराहमिहिराच्या बृहज्जातकात उघड दिसते. तेथे शनीस 'कोण' असे नाव आहे, आणि ते ग्रीकांच्या क्रोनोस ह्या नावाचेच रूप होय. शनीचा दरारा आपण समजतो तितका केवळ घरचा नव्हे.

महाराष्ट्रात तो घरोघर नेला तात्याजी महिपतीच्या 'शनिमाहात्म्या'ने. शनीची थट्टा करणारा उज्जयिनीचा विक्रम राजा परमुलखात चोर ठरतो, चित्रातील हंस हार गिळतो, राजाचे हातपाय तोडले जातात आणि तो तेल्याच्या घाण्यावर बसतो. कथा भयंकर खरी, पण तिचा शेवट विक्रमाच्या पुनःप्राप्तीत आहे. आमच्या मते तिच्या लोकप्रियतेचे कारण येथेच आहे. अवर्षणाने वारंवार गांजलेल्या मुलखातील कुटुंबकर्त्यास, आपल्या दुःखाला काही मुदत आहे, हे ऐकणे हाच मोठा आधार होता. हा आधार तुच्छ लेखण्याचे आम्हांस कारण दिसत नाही.

परंतु आधाराची बेडी झाली म्हणजे गणितच साक्षीस बोलवावे. बारांपैकी तीन राशींस साडेसाती सदैव असते. म्हणजे कोणत्याही दिवशी समाजातील सुमारे चवथा हिस्सा तीत असतो, आणि सत्तर वर्षे जगणाऱ्यास ती दोनदा तरी भोगावीच लागते. राज्ये मिळविणारे आणि गमावणारे दोघेही तीत सापडतात. शिवाय तिचा आरंभ तरी कोणता धरावा? चित्रापक्षाच्या पंचांगाने शनी 29 मार्च 2025 रोजी मीन राशीत आला. टिळक पंचांगाचे अयनांश सुमारे चार अंशांनी कमी. वर्षास सुमारे बारा अंश चालणाऱ्या शनीस त्याने चारेक महिन्यांचा फरक पडतो, आणि वक्रगतीच्या वर्षी तर गोंधळ अधिकच. मेघनाद साहा ह्यांच्या अध्यक्षतेखालील समितीने 1955 च्या अहवालात चित्रापक्ष स्वीकारला, तरी एकाच गल्लीतील दोन घरांत साडेसाती निरनिराळ्या दिवशी लागू शकते. ज्या मुलीचा विवाह ह्या चार महिन्यांसाठी मोडतो, तिला हा मतभेद कोणी सांगत नाही.

ज्ञानराजाच्या काळचे पंडितही फलज्योतिष मानीत. त्यांस आजचे बुद्धिवादी ठरविणे हा इतिहासाशी अन्याय होईल. पण आकडा कोठून आला हे त्यांस ठाऊक होते, आणि तो चुकला तर सुधारण्याची त्यांची तयारी असे. त्यांच्या वंशजांनी, म्हणजे आपण सर्वांनी, वारसा घेताना भीती तेवढी उचलली आणि गणित पोथीत बांधून ठेवले. 'सिद्धान्तसुन्दरा'चा इंग्रजी अनुवाद 2014 साली टोके नुड्सन ह्या पाश्चात्य अभ्यासकाने प्रसिद्ध केला. पाथरीच्या ह्या ग्रंथाचा परिचय आपल्या मुलांस मराठीतून करून देणे हे आपले कर्तव्य होय. तो ज्या घरात होईल, त्या घरात पत्रिका पाहिली गेली तरी निर्णय मात्र माणसे करतील.