बगदादचा शायर आणि उसने सूर

‘किस्मत’ हा शब्द इंग्रजीत तुर्की भाषेतून गेला, पण मूळ अरबी. क़ाफ-सीन-मीम या धातूचा अर्थ वाटणे, भाग करणे. उर्दू शाळेत गणिताच्या तासाला भागाकाराला ‘तक़सीम’ म्हणतात, तो शब्द याच घरातला. किस्मत म्हणजे आधी वाट्याला आलेला हिस्सा. नशीब हा अर्थ त्यातून निघाला. १९५५ साली हॉलिवूडच्या एमजीएम स्टुडिओने ‘किस्मत’ याच नावाचा संगीतपट काढला. (अशोककुमारचा १९४३ चा ‘किस्मत’ वेगळा, त्याचा याच्याशी संबंध नाही.) भव्य सेट, रुंद सिनेमास्कोप पडदा, नावाजलेला दिग्दर्शक आणि नायक कोण, तर बगदादच्या बाजारातला फाटका शायर. चित्रपट सपशेल पडला. स्टुडिओला २० लाख डॉलरच्या वर तोटा झाला. त्यातली गाणी मात्र आजही गायली जातात. असे का झाले, हे कलाकारांच्या कामातून आणि गाण्यांतून तपासण्यासारखे आहे.

कथा एडवर्ड नोब्लॉक यांच्या १९११ च्या नाटकाची. त्यावर मूकपट निघाले, बोलपट निघाले. १९५३ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर त्याचे संगीत नाटक झाले. त्याचे ५८३ प्रयोग झाले आणि टोनी पुरस्कारही मिळाला. शायर बाजारात ओळी विकायला बसतो, पण गिऱ्हाईक मिळत नाही. हाजी नावाच्या भिकाऱ्याच्या जागेवर तो बसतो आणि लोक त्यालाच हाजी समजतात. या एका गैरसमजातून तो दिवसभरात डाकूच्या तावडीत, वजिराच्या कचेरीत आणि शेवटी अमीर पदापर्यंत पोहोचतो. त्याची मुलगी मर्सिना एका तरुणाला माळी समजून त्याच्या प्रेमात पडते. तो निघतो खलिफा.

गाण्यांचे सूर या नाटकासाठी रचलेले नव्हतेच. रॉबर्ट राइट आणि जॉर्ज फॉरेस्ट या जोडीने ते अलेक्झांडर बोरोदिन या रशियन संगीतकाराकडून घेतले आणि त्यावर शब्द बसवले. बोरोदिन पेशाने रसायनशास्त्रज्ञ, वारला १८८७ साली. १९५४ चा संगीताचा टोनी पुरस्कार त्याच्याच नावाने दिला गेला, मृत्यूनंतर ६७ वर्षांनी! तयार चालीवर शब्द बसवण्यात कमीपणा काही नाही. मराठी संगीत नाटक त्यावरच वाढले. नोब्लॉकचे नाटक आले त्याच १९११ साली गोविंदराव टेंब्यांनी ‘मानापमान’च्या पदांना पूरब ढंगाच्या ठुमरीचा रंग दिला आणि ती पदे मराठी माणसाची झाली. प्रश्न उसनवारीचा नाही, उसना सूर कुठल्या भावनेला लावला याचा आहे.

‘स्ट्रेंजर इन पॅरडाइज’ हे यातले सर्वांत गाजलेले गाणे. त्याची चाल बोरोदिनच्या ‘प्रिन्स इगोर’ या ऑपेरातली. तिथे तुर्की वंशाच्या एका भटक्या जमातीच्या खानाच्या छावणीत बंदिवान दासी आपल्या मुलखाची आठवण काढत ती गातात. म्हणजे हे मुळात घर सुटलेल्या, विकल्या गेलेल्या बायकांचे गाणे आहे. चित्रपटात ते बागेतल्या प्रेमिकांना दिले आहे. तरी सुरातली हुरहुर जात नाही. ॲन ब्लाइथचा आवाज शास्त्रशुद्ध आणि निर्मळ आहे. खलिफा झालेला व्हिक डेमोन त्या काळचा लोकप्रिय गायक. दोघे सुरेल गातात, पण त्यांचे चेहरे कोरे राहतात. डोळे मिटून ऐकले तर गाणे काळजाला लागते आणि डोळे उघडले की दोन देखणे पुतळे दिसतात. डेमोनचे ‘नाइट ऑफ माय नाइट्स’ त्या मानाने बरे जमले आहे. तिथे वरातीचा थाट आहे, अभिनयाची गरज कमी आहे.

शायराच्या भूमिकेत हॉवर्ड कील आहे. ‘शो बोट’, ‘किस मी केट’, ‘सेव्हन ब्राइड्स फॉर सेव्हन ब्रदर्स’ यांतून गाजलेला धिप्पाड माणूस, खर्जातला भरदार आवाज. ‘जेस्टिक्युलेट’ हे त्याचे गाणे कथेतला कळीचा प्रसंग आहे. चोरीच्या आळावरून वजिराने त्याचा हात तोडण्याचा हुकूम दिला आहे आणि हातवाऱ्यांशिवाय किस्सा सांगणार कसा, असे म्हणत तो हात वाचवायला गातो. रोजी जाणार आहे, जन्माचे अपंगत्व येणार आहे. कील ते उत्तम गातो, पण त्याला भीती वाटते आहे असे क्षणभरही वाटत नाही. वजिराचे काम करणारा सेबॅस्टियन कॅबट पुढे ‘जंगल बुक’च्या कार्टूनपटात बगीराचा आवाज म्हणून जगाला आवडला. इथे तो इतका गमत्या आहे की त्याच्या तलवारीची धास्ती वाटत नाही. ज्याला भूक नाही आणि भीती नाही, त्याने गायचे कशासाठी? चित्रपट इथेच बसतो.

वजिराची बेगम लालूम झालेली डोलोरेस ग्रे तेवढी जिवंत आहे. हा सगळा कागदी महाल आहे हे तिला पुरते ठाऊक आहे आणि ती डोळा मारून तो आपल्याला दाखवते. ‘नॉट सिन्स निनवे’मध्ये ती पडदा ताब्यात घेते. तिचे दुसरे गाणे ‘रहदलकूम’ एका मिठाईच्या नावावर आहे. उर्दू जाणणाऱ्याला त्यात लगेच ‘राहत’ आणि ‘हलक़’ ऐकू येतील. अरबी ‘राहत-उल-हुलक़ूम’, म्हणजे गळ्याला सुख देणारा पदार्थ. एवढा एक शब्द तरी खऱ्या बाजारातून आला आहे. नृत्ये जॅक कोलची. त्याने भरतनाट्यम शिकून त्याच्या मुद्रा जॅझमध्ये मिसळल्या होत्या, म्हणून बगदादमध्ये आलेल्या राजकन्या तामिळनाडूच्या हस्तमुद्रा करतात! भूगोल चुकला, पण नाच मेहनतीचा आणि नेटका आहे.

दिग्दर्शक व्हिन्सेंट मिनेलीचे मन यात नव्हते. त्याला व्हॅन गॉगवर चित्रपट करायचा होता आणि तो मिळावा म्हणून त्याने हे काम घेतले. शेवटचे काही दिवसांचे चित्रीकरण स्टॅन्ले डोनेनला उरकावे लागले.

असे चित्रपट ‘प्राच्यवाद’ या एका शब्दात निकाली काढायची सवय आपल्याला लागली आहे. मला ते पुरेसे वाटत नाही. अलिफ लैलाचे बगदादही कल्पनेचेच आहे, पण त्यात शहरजाद मरणाच्या भीतीने गोष्ट सांगते. खोटे बगदाद चालते, खोटी गरज चालत नाही.

खऱ्या बगदादमध्ये असा शायर होऊन गेला. अबुल अताहिया, हारून रशीदच्या काळातला. कूफ्यात मातीची मडकी विकणारा गरीब माणूस. त्याची भाषा इतकी सोपी की पोरे येऊन त्याचे शेर फुटक्या खापरांवर उतरवून घेत, असे जुने ग्रंथ सांगतात. पुढे त्याने प्रेमकविता लिहिणे सोडले. खलिफाने फर्मावूनही लिहिली नाही म्हणून त्याला कैदेत टाकले, असाही किस्सा आहे. शायर, सत्ता, बाजार, कैद, सगळे नाट्य तयार होते. नोब्लॉकने नाही घेतले, हॉलिवूडनेही नाही.

१९५५ हे वर्षही लक्षात घ्या. त्या फेब्रुवारीत ‘बगदाद करार’ झाला. जगाच्या वर्तमानपत्रांत बगदाद होते ते लष्करी आघाडीचे शहर म्हणून. त्याच शहरातून नाज़िक अल-मलाइका आणि बद्र शाकिर अस्-सय्याब १९४७ पासून अरबी छंदाची जुनी चौकट मोडून मुक्त कविता लिहीत होते. बगदादचे शायर तेव्हा जिवंत होते, काम करत होते, आणि कॅलिफोर्नियात रंगवलेल्या घुमटाखाली एक माणूस त्यांचा वेश घालून हसत होता. वर्गात मी बगदाद म्हणजे काय विचारतो तेव्हा मुले ‘अल्लाउद्दीन’ म्हणतात किंवा ‘युद्ध’. या दोन उत्तरांच्या मधले शहर, कवींचे आणि किताबांचे, त्यांच्या वाट्याला आलेलेच नाही.

म्हणून हा चित्रपट सगळा पाहा असे मी सांगणार नाही. डोलोरेस ग्रेची दोन गाणी पाहा, कोलचे नाच पाहा. ‘स्ट्रेंजर इन पॅरडाइज’ मात्र फक्त ऐका आणि मग बोरोदिनच्या ऑपेरातला दासींचा तोच समूहस्वर ऐका. शब्द समजले नाहीत तरी चालेल. घरापासून तोडलेल्या माणसाचे गाणे ओळखायला भाषा लागत नाही.