तंजावरची क्रीडांगणे आणि जल्लिकट्टूचा कायदा

तंजावर : बृहदीश्वर मंदिर, सरस्वती महाल ग्रंथालय आणि १८५५पर्यंत टिकलेली भोसल्यांची राजवट यांमुळे मराठी वाचकाला परिचित असलेल्या तंजावर शहरात आंतरराष्ट्रीय दर्जाचे मोठे क्रीडासंकुल नाही. शहराचे मुख्य क्रीडांगण म्हणजे अन्नै सत्या स्टेडियम. ‘अन्नै’ म्हणजे आई. माजी मुख्यमंत्री एम. जी. रामचंद्रन यांच्या मातोश्री सत्यभामा यांचे नाव त्याला देण्यात आले आहे. राज्याच्या क्रीडा विकास प्राधिकरणाकडे असलेल्या या मैदानाचा उपयोग प्रामुख्याने जिल्हास्तरीय स्पर्धांसाठी होतो. शहरातील दुसरे प्रसिद्ध मैदान ‘तिलगर तिडल’ खेळांपेक्षा जाहीर सभांसाठी अधिक ओळखले जाते. ‘तिलगर’ हे ‘टिळक’ या नावाचे तमिळ रूप आहे, हे तेथे जाणाऱ्या मराठी माणसाच्या सहसा लक्षात येत नाही.

मोठ्या स्पर्धा शेजारच्या शहरांना मिळतात. जानेवारी २०२४मध्ये तमिळनाडूत झालेल्या खेलो इंडिया युवा स्पर्धा चेन्नई, मदुराई, कोइंबतूर आणि तंजावरपासून सुमारे ५५ किलोमीटरवरील तिरुचिरापल्ली येथे भरविण्यात आल्या. ५७ सुवर्णपदकांसह महाराष्ट्र त्यांत पहिला आला आणि ३८ सुवर्णपदके मिळवून यजमान राज्य दुसरे राहिले.

तंजावर परिसरात सर्वाधिक गर्दी खेचणारा खेळ मात्र स्टेडियममध्ये होत नाही. पोंगलपासून उन्हाळ्यापर्यंत तिरुक्कानूरपट्टी, मादाकोट्टै यांसारख्या गावांत जल्लिकट्टू भरतो. ‘वाडिवासल’ नावाच्या अरुंद दरवाजातून बैल सुटतो. खेळाडूने केवळ त्याचे वशिंड धरून ठरावीक अंतर किंवा ठरावीक वेळ टिकून राहायचे असते. शिंगे वा शेपूट धरण्यास मनाई आहे. कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातील उंबळाचेरी हा देशी गोवंश मूळचा भातखाचरांत चिखलणी करणारा. नांगराची जागा ट्रॅक्टरने घेतल्यानंतर देशी बैल पोसायचा तरी कशासाठी, या प्रश्नाला जल्लिकट्टू हेच उत्तर असल्याचे खेळाचे समर्थक सांगतात. प्राणिमित्र संघटनांना ते मान्य नाही. भयभीत जनावराला गर्दीत सोडणे ही क्रूरताच आहे, असे त्यांचे म्हणणे आहे.

या वादाचा महाराष्ट्राशी थेट संबंध आहे. सर्वोच्च न्यायालयाने ७ मे २०१४ रोजी दिलेल्या निकालाने जल्लिकट्टू आणि महाराष्ट्रातील बैलगाडा शर्यती एकाच वेळी बंद झाल्या. जानेवारी २०१७मध्ये चेन्नईच्या मरीना किनाऱ्यावर तरुणांनी मोठे आंदोलन केले. त्यानंतर तमिळनाडूने प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात दुरुस्ती केली. महाराष्ट्र आणि कर्नाटकानेही त्याच वर्षी तसेच कायदे केले. महाराष्ट्रातील शर्यती त्यानंतरही न्यायालयात अडकून राहिल्या आणि त्यांना डिसेंबर २०२१मध्ये सशर्त परवानगी मिळाली. अखेर १८ मे २०२३ रोजी न्या. के. एम. जोसेफ यांच्या अध्यक्षतेखालील पाच सदस्यीय घटनापीठाने तिन्ही राज्यांचे कायदे वैध ठरविले. जल्लिकट्टू हा सांस्कृतिक वारशाचा भाग आहे की नाही, हे ठरविणे विधिमंडळाचे काम असल्याचे पीठाने म्हटले.

परंतु ही मोकळीक बिनशर्त नाही. जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी, बैलांची पशुवैद्यकीय तपासणी, खेळाडूंची वैद्यकीय तपासणी आणि प्रेक्षकांसाठी दुहेरी अडथळे बंधनकारक आहेत. नियमांच्या काटेकोर अंमलबजावणीची जबाबदारी घटनापीठाने जिल्हा प्रशासनावर टाकली. असे असतानाही राज्यात दर हंगामात खेळाडू आणि प्रेक्षक जखमी होतात, काही जण प्राणही गमावतात. पक्क्या स्टेडियमला कायमचे प्रवेशमार्ग आणि कठडे असतात. गावच्या मैदानावर ते दर वर्षी नव्याने बांधावे लागतात, आणि एका दिवसाच्या खेळासाठी उभारलेल्या बांबूच्या कुंपणाची मजबुती तपासणे हेच तेथील अधिकाऱ्यांचे सर्वांत जोखमीचे काम ठरते.

मदुराई जिल्ह्यात अलंगानल्लूरजवळ जानेवारी २०२४मध्ये जल्लिकट्टूसाठी कायमस्वरूपी स्टेडियम सुरू झाले आहे. तंजावर परिसरातील गावांत मात्र खेळ अजूनही तात्पुरत्या वाडिवासलवरच चालतो.